कूलरची ताटी आणि प्रकल्पाची वही: नववी-दहावीला विज्ञान हाताने शिकवायचं की नाही?

खडूधूळ (धागाकर्ता): मी नागपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. जलसुरक्षा या पर्यावरणाच्या विषयाच्या प्रकल्पवह्या तपासताना यंदा एकीत ‘आमच्या पुण्यातील मुठा नदी’ सापडली. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला मजकूर, पोराने गावाचं नावही बदललं नव्हतं. नाग नदी शाळेपासून दहा मिनिटांवर आहे.

मार्चअखेर नववीच्या वर्गात दोन थर्मामीटर खिडकीत टांगले, एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळली. कोरडा ३९, ओला २१. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, ही तर कूलरची ताटी!” (ताटी म्हणजे कूलरच्या बाजूला लावलेली, पाण्याने ओली राहणारी गवताची जाळी.) जुलैत त्याच मुलांकडून पुन्हा मोजून घेतलं: २९ आणि २७. पावसाळ्यात कूलर नुसता चिकचिक का करतो, हे मग मला सांगावं लागलं नाही. दहावीच्या ‘उष्णता’ धड्यातला अप्रकट उष्मा (पाण्याची वाफ होताना शोषली जाणारी उष्णता) आणि सापेक्ष आर्द्रता (हवा बाष्पाने किती भरली आहे) दोन्ही त्या खिडकीत झाले.

माझं मत: पर्यावरणाची वेगळी वही बंद करा. आठवड्याला दोन तासिका मोजमापाला द्या आणि विज्ञानाचे प्रात्यक्षिकाचे २० गुण त्यावरच द्या.

दहावीची_आई: सर, कौतुक आहे. पण लेखी ८० गुणांची आहे. ते २० तर सगळ्यांनाच १८-१९ मिळतात, तिथे तुम्ही खरं मोजायला बसलात तर तुमच्याच शाळेची मुलं मागे पडतील. अकरावीच्या यादीत खिडकीतला थर्मामीटर कोण विचारतो?

पाटीदप्तर: काहून एवढं सोपं वाटते भाऊ तुम्हाले? माह्या वर्गात ६८ पोट्टे. प्रयोगशाळेतला सहायक रिटायर झाला, जागा तशीच रिकामी. त्यात मतदारयाद्यांचं काम. नदीवर नेलं अन् एखादं घसरलं तं पालक कोणाले धरतीन?

खडूधूळ: नदीवर नेलंच नाही. खिडकीपर्यंतच गेलो.

जुनी_शुक्रवारी: माझा विरोध वेगळा आहे. शाश्वततेचं ओझं पोरांच्याच माथी का? माझा मुलगा ओला-सुका कचरा वेगळा करतो, गाडीवाला दोन्ही एकाच ढिगात ओततो. पोरगं आता म्हणतं, “बाबा, शाळेत खोटं शिकवतात.”

खडूधूळ: याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणूनच घोषणा लिहून घेण्यापेक्षा मोजायला लावतो. एकीने घरच्या कूलरच्या बादल्या मोजल्या: एप्रिलात दिवसाला सात. पाणी पेंच धरणाचं. मग एकाने विचारलं, “सर, त्यापेक्षा एसी बरा का?” एसीला पाणी लागत नाही, वीज लागते. वीज कोराडीच्या वीजकेंद्राची धरली तर ती कोळशाची, आणि त्या केंद्रालाही पाणी हवंच. शहराचं भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं सांडपाणी तिकडेच जातं. तास संपला, हिशेब अर्धाच राहिला. पण कोणी जांभई दिली नाही.

दहावीची_आई: आणि अर्धा राहिलेला धडा कोण संपवणार? क्लासवाला. त्याची फी आम्ही भरतो.

संत्र्याची_फोड: खर्चाचं आणि साहित्याचं कारण मात्र सांगू नका. नागपुरातल्या अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिका शाळांची मुलं स्ट्रॉ, फुगे, रिकाम्या बाटल्या घेऊन प्रयोग दाखवतात. समजावतातही स्वतःच, सर मागे उभे.

पाटीदप्तर: मेळावा वर्षातून एकदा असते जी. मी रोजच्या सहा तासिकांचं बोलून रायलो. तरी ते चिंधीचं एक डाव करून पाहीन म्हणतो, ६८ जण खिडकीत मावले तं. थर्मामीटर कोणता आणू? घरी तापाचा आहे.

खडूधूळ: तापाचा नको, त्यात ३५ च्या खाली आणि ४२ च्या वर आकडेच नसतात. प्रयोगशाळेतला आणा, ११० पर्यंतचा. आणि चिंधी सुती घ्या, नायलॉनची पाणी धरत नाही.

पाटीदप्तर: मे महिन्यात करतो मंग.

दहावीची_आई: मे महिन्यात शाळा बंद असते, सर.