मदत हवी आहे: साठेखतापूर्वी (खरेदीखताआधीच्या विक्री करारापूर्वी) जागेची सरकारी मोजणी कशी करून घ्यावी?

सातारा जिल्ह्यातील एका गावच्या गावठाणात आम्ही जुने घर जागेसह विकत घेत आहोत. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र १८६ चौरस मीटर आहे. प्रत्यक्ष टेप लावल्यावर मात्र ते १७१ च्या आसपास भरते, म्हणजे सुमारे १६० चौरस फूट कमी. मागील बाजूचा हद्दीचा दगड शेजाऱ्यांच्या न्हाणीघराच्या पायाखाली अर्धा गेलेला दिसतो, त्यामुळे घोळ तिथेच असावा असे मला वाटते.

वकिलांकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घेतला आहे; मालकी निर्वेध आहे, बोजा नाही. खासगी सर्वेक्षकाकडून नकाशाही करून घेतला, परंतु शेजारी तो मानायला तयार नाहीत आणि हद्द कायम करण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही, असे वकीलही सांगतात. विकणारे गृहस्थ वयस्कर असून पुण्यात राहतात. मोजणीला त्यांची हरकत नाही, पण भूमी अभिलेख कार्यालयात खेटे घालणे त्यांना जमणार नाही. (वाद नको म्हणून ते 'आहे त्या स्थितीत' घ्या म्हणतात, ते आम्हाला मान्य नाही.) गृहकर्ज घ्यायचे असल्याने खरेदीखतातील क्षेत्र बिनचूक असणे आवश्यक आहे.

मालकांच्या अधिकारपत्रावर मोजणीचा अर्ज आम्हाला करता येतो का, की नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रच लागते? आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांनी नोटीस मिळूनही सही नाकारली, तर 'क' प्रत (मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारा हद्दींचा नकाशा) मिळण्यात अडचण येते का?