गोल्डफिशच्या टाकीचं पाणी किती बदलायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरी 2 बाय 1 बाय 1 फुटाची टाकी आहे, रेती-दगड वजा जाता साधारण 50 लिटर पाणी. दोन गोल्डफिश, स्पंज फिल्टर.

दुकानदार म्हणतो, महिन्यातून एकदा सगळं पाणी काढा आणि टाकी घासूनपुसून धुवा. मला ते काही पटत नाही. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात नि रेतीत राहतात, नळाखाली धुतलं की क्लोरीननं तेच आधी मरणार. म्हणून मी दर रविवारी रेतीत नळी खुपसून पाव टाकी पाणी सायफनने काढतो आणि स्पंज त्याच पाण्यात पिळतो. बादलीत उतरलेला काळपट गाळ पाहिला की ही जात किती खादाड आहे ते कळतं!

तरी पुढच्या रविवारपर्यंत नायट्रेट (जिवाणूंनी अमोनिया पचवल्यावर पाण्यात साठत जाणारा क्षार) 40 पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर जातंच. मग आठवड्याला निम्मं पाणी बदलू, की दोनदा पाव-पाव?

खरी पंचाईत पाण्याची आहे. सोसायटीत कधी पालिकेचं पाणी, तर उन्हाळ्यात टँकरचं. ते इतकं जड की वाळल्यावर बादलीला पांढरे डाग पडतात. असं पाणी एकदम निम्मं घातलं तर मासे सोसतील का? क्लोरीन मारायचे थेंब घालतोच, कारण क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) असेल तर ते रात्रभर उघडं ठेवूनही उडत नाही.

मोठी टाकी घ्या, हे मात्र सांगू नका. हॉलमध्ये जागा नाही आणि घरून परवानगीही नाही.