बिल्ट-इन स्पीकर : अंगभूत, अंतर्भूत की नुसता ‘आतला’?

मधुमालती
मंडळी, अडलेलं काम घेऊन आले आहे. भोसरीतल्या एका कारखानदारांनी एसटी स्टँडवर लावायच्या पडद्याच्या पेटंटसाठी अर्ज केलाय. गाडी कुठल्या फलाटाला लागली ते अक्षरांत दिसतं आणि तोच पडदा बोलूनही सांगतो. पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आलाय, इंग्रजीत. पेटंटचं कामकाज इंग्रजी नाहीतर हिंदीतच चालतं, त्यामुळे माझं मराठी कुठे दाखल व्हायचं नाही. पण उत्तर द्यायला अहवालाच्या तारखेपासून सहा महिने मिळतात, आणि त्याआधी आपल्या यंत्राबद्दल नक्की काय लिहिलंय ते साहेबांना शब्दन् शब्द मराठीत वाचायचंय.

पहिल्याच ओळीत ठेच लागली. ‘डिस्प्ले डिव्हाइस विथ बिल्ट-इन स्पीकर्स’. मी लिहिलं, ‘अंगभूत ध्वनिक्षेपक असलेले दर्शनपटल’. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, “ताई, ध्वनिक्षेपक गणपतीत लावतात. आणि अंगभूत म्हणजे काय, अंगात आल्यासारखं?”

तर बिल्ट-इनला काय म्हणावं? अंगभूत, अंतर्भूत, अंतर्गत, बसवलेला?

शुद्धमती
‘अंगभूत’मध्ये काहीही वावगं नाही. गृहस्थांना शब्द माहीत नाही हा शब्दाचा दोष नव्हे. ‘महापौर’ शब्द नवा होता तेव्हा तोही कानाला टोचलाच असेल, आज कोणी ‘मेयर’ म्हणतं का? ध्वनिक्षेपक तर पोलीस परवान्यावर छापलेला असतो. दर्शनपटलही सुरेख आहे. बदलू नका.

रांगडा_गडी
परवान्यावर आसंल हो. आमच्या मंडळात माईकलाच ध्वनिक्षेपक म्हणत्यात. “मान्यवरांनी ध्वनिक्षेपकाचा ताबा घ्यावा” म्हटलं की पाव्हणं माईककडं जातंय, बॉक्सकडं न्हाई. मग आवाज आत घेणारा कोण आन् भाईर टाकणारा कोण?

टंकलेखक
रांगडेराव, मुद्दा बिनतोड. क्षेपक म्हणजे फेकणारा, तेव्हा माईक खरं तर ध्वनिग्राहक आणि अँप्लिफायर ध्वनिवर्धक. पण सरकारी कागदांत लाउडस्पीकरसाठी ध्वनिवर्धक आणि ध्वनिक्षेपक दोन्ही सुखाने नांदतात. रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचं ते यातलं नेमकं कोणतं, हे मंडळांना बरोबर कळतं, त्यामुळे कोणाचं अडत नाही. जाता जाता, जुन्या पोथीत मागाहून घुसडलेल्या ओवीलाही क्षेपक म्हणतात. त्या हिशोबाने गणपतीतला ध्वनिक्षेपक म्हणजे घुसडलेला आवाज. हा अर्थ मला जास्त पटतो.

नागपूरकर
स्पीकर लिहा ना सरळ. विधानसभेतल्या अध्यक्षांशी गोंधळ होईल अशी भीती वाटते काय कोणाले?

वकीलबाई
पेटंटच्या कामात आहे म्हणून बोलते. मधुमालतीताई, शब्द ठरवण्याआधी ते यंत्र कसं वाजतं ते सांगा. ‘बिल्ट-इन’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे पडद्याच्या चौकटीत, खाली किंवा मागे, वेगळा स्पीकर ठेवलेला. आपल्या घरातल्या बहुतेक टीव्हींसारखा. दुसरी म्हणजे पडदाच स्पीकर. त्याच्या पाठीला कंप देणारी साधनं चिकटवलेली असतात, आणि थरथरून आवाज काढतो तो खुद्द पडदा. सोनीने २०१७ साली असा ओएलईडी टीव्ही आणला. २०१९ मध्ये एलजीच्या आणि ह्वावेच्या एकेका फोनमध्ये कानाजवळचं भोक गेलं आणि स्क्रीनच बोलायला लागली. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकात, इंग्लंडमध्ये एनएक्सटी नावाच्या कंपनीने सपाट फळीच वाजवायचं तंत्र बाजारात आणलं होतं.

यातलं कोणतं, त्यावर सगळं ठरतं. पेटंट कायदा १९७०, कलम ३ एफ बघा. माहीत असलेल्या साधनांची निव्वळ मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक साधन आपापलं, नेहमीच्याच रीतीने काम करतं, तो कायद्याने शोधच नव्हे. पडदा दाखवतो, स्पीकर बोलतो, दोघांचा एकमेकांशी संबंध एका डब्यात राहण्यापुरता. असं असलं की परीक्षक हे कलम लावणारच.

मधुमालती
लावलंय! तेच कलम आणि शिवाय ‘इन्व्हेन्टिव्ह स्टेप नाही’, म्हणजे जाणकाराला सहज सुचेल असंच आहे, हा आक्षेप. डी-१ म्हणून वाजणाऱ्या फळीचा जुना दस्तऐवज दाखवलाय, डी-२ म्हणून स्पीकरवाला साधा टीव्ही.

यंत्र काल कारखान्यात पाहून आले. समोरची जाड काचच वाजते. मागे एक्सायटर, म्हणजे ती कंप देणारी साधनं, चिकटवलेत, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठे. काचेवर बोट ठेवलं तर “फलाट क्रमांक चार” बोटाला कळतं. स्पीकरला जाळी लागते आणि साहेबांना तीच नको होती. म्हणाले, “स्टँडवर जाळी ठेवली की धूळ जाते, पावसाचं पाणी जातं, आणि लोक नेमकी जाळीतच पिचकारी मारतात.” गुळगुळीत काच फडक्याने पुसता येते.

शुद्धमती
मग तर ‘अंगभूत’ हाच शब्द! गुण अंगभूत असतो, वरून लावलेला नसतो. काचेच्या अंगीच बोलणं आहे.

वकीलबाई
नाही ना, इथेच घात होईल. यंत्रासाठी तो शब्द चपखल आहे, पण भाषांतर अहवालाचं चाललंय, यंत्राचं नाही. साहेबांच्या मूळ क्लेममध्ये, म्हणजे हक्क नेमका कशावर हवा ते सांगणाऱ्या अर्जातल्या वाक्यात, ‘काचच वाजते’ असं लिहिलेलं नसणार. ‘बिल्ट-इन’ एवढंच असणार, कारण अर्ज करताना जाळं मोठं टाकायची सगळ्यांना हौस असते. ‘बिल्ट-इन’मध्ये डब्यातला स्पीकरही बसतो, म्हणून तर डी-२ आडवा आला. तुम्ही ‘अंगभूत’ लिहिलंत की साहेब म्हणणार, “मी काच वाजते असंच सांगितलंय की, मग हा परीक्षक साधा टीव्ही कशाला दाखवतो?” आक्षेप त्यांना मूर्खपणाचा वाटेल, आणि तो तसा नाही. मूळ शब्द ढगळ असेल तर मराठीही ढगळच हवं. ‘स्पीकर आतच असलेला पडदा’ असं काहीतरी लिहा. ‘काचेला कंप देऊन’ वगैरे नेमकेपणा उत्तरात, क्लेम सुधारताना येऊ दे. तोही मूळ अर्जाच्या वर्णनात असेल तरच. कलम ५९ प्रमाणे क्लेम आवळता येतो, पसरता येत नाही.

मधुमालती
क्लेममध्ये खरंच ‘बिल्ट-इन’ एवढंच आहे. वर्णनात मात्र काच, गोंद, एक्सायटर सगळं आहे. पण ‘आतच असलेला’ हे फार बोलीतलं नाही वाटत? आणि क्लेमला मी सगळीकडे ‘दावा’ लिहिलंय, ते तरी बरोबर ना?

टंकलेखक
दावा नको! आमच्याकडे दावा म्हणजे दिवाणी कोर्टात लावतात तो. ‘दावा क्र. १ ते ७ फेटाळण्यायोग्य आहेत’ असं वाचून त्या गृहस्थांना वाटेल आपल्यावर सात खटले पडले.

रांगडा_गडी
आन् म्हशीला बांधत्यात ते दावं. माझ्या मतानं त्योच मूळ अर्थ. दावं जेवढं लांब तेवढंच जनावर चरणार. क्लेमचंबी तसंच न्हाई का?

टंकलेखक
उपमा झकास, व्युत्पत्ती साफ चूक. दावं संस्कृत ‘दामन्’वरून, दोरी. दावा अरबीतून फारसीमार्गे आला. दोघांची गाठ तुमच्या गोठ्यातच पडली असेल.

शुद्धमती
अरबी म्हणूनच म्हणते, ‘हक्ककथन’ करा. आणि पेटंटला ‘एकस्व’ असा दोन हजार टक्के मराठी शब्द असताना इथे कोणीच तो वापरत नाही याचं वाईट वाटतं.

नागपूरकर
‘एकस्व’ कोणाच्या तोंडी ऐकला तुम्ही? वर्तमानपत्रवालेही ‘हळदीचं पेटंट’ म्हणतात. आमच्या नात्यात एक काका आहेत, “ते माझं पेटंट वाक्य आहे” म्हणतात. “ते माझं एकस्व वाक्य” म्हणून पाहा बरं.

आणि इन्व्हेन्टिव्ह स्टेपचं काय करणार? हिंदी वाचून आलेले लोक ‘आविष्कारी पायरी’ लिहितात. मराठीत आविष्कार म्हणजे कलाविष्कार. पायरी चढून नृत्य करायचं काय काचेनं?

वकीलबाई
हा प्रश्न खरा आहे. आपला ‘शोध’ही गोंधळ घालतो. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला आणि एडिसनने फोनोग्राफचाही शोधच लावला. कायद्यात मात्र आधीपासून असलेली गोष्ट सापडली, तर ती इन्व्हेन्शन नव्हे. मी अशिलांना ‘शोधाची उडी’ म्हणते. जुन्या माहितीपासून तुमच्या वस्तूपर्यंत उडी मारावी लागली का, की जाणकार माणूस चालत चालतच पोहोचला असता?

तंबूतला_पोर
उशिरा आलो. वडिलांचा टुरिंग टॉकीज होता, साताऱ्याकडच्या जत्रा करायचो. पडद्यामागे लाकडी खोक्यात कर्णा ठेवलेला असायचा आणि आवाज पडद्यातूनच यायचा. आम्ही पोरं पडद्यामागे झोपायचो. चित्र उलटं दिसायचं, पाट्या उलट्या, आणि हिरो थेट कानात ओरडायचा. पक्क्या थेटरात तर पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, मागच्या स्पीकरचा आवाज अडू नये म्हणून. जवळ जाऊन पाहा, चाळणीसारखी दिसतात. मग पडद्यातून आवाज ही नवलाई कसली? परीक्षकाने डी-३ म्हणून आमचा तंबू लावायला हरकत नव्हती.

वकीलबाई
तंबू सुंदर आहे, पण काचेला लागू नाही. तिथे आवाज पडद्याच्या पलीकडून आला, पडदा फक्त वाट देतो. इथे तो पडद्यातच जन्मतो. डी-१ वालं तंत्र मात्र जवळचं आहे, त्याला उत्तर द्यावं लागेल. फळी वाजते हे माहीत होतं, पण पाणी न शिरणारी पाटी करताना काच, गोंद आणि एक्सायटरची जागा यांनी मिळून असं काय साधलं जे फळीच्या माहितीवरून सुचलं नसतं, तिथे लढायचं.

मधुमालती
हे साहेबांना वाचून दाखवते. आता पुढचा खड्डा : ‘पर्सन स्किल्ड इन द आर्ट’, म्हणजे त्या तंत्रातला जाणकार. मी ‘कलेत निपुण व्यक्ती’ लिहिलं होतं, ते खोडलं. ‘प्रायर आर्ट’ला, म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या तंत्राला, ‘पूर्वकला’ तर अजिबात नको, भरतनाट्यमची पहिली परीक्षा वाटते.

टंकलेखक
तो आर्ट म्हणजे जुन्या अर्थाचा, कारागिरी. ‘कसबी माणूस’ लिहा. चार अक्षरी कसरत टळते.

शुद्धमती
कसबी?? ‘कसबीण’ शब्दाचा अर्थ ठाऊक आहे ना? सरकारी कागदाच्या भाषांतरात हे शोभत नाही.

टंकलेखक
ठाऊक आहे. बाईचं कसब ते वाईट आणि बुवाचं ते हुन्नर, हा न्याय शब्दाने केलेला नाही, आपण केलाय.

वकीलबाई
एक गंमत सांगते. या विषयावर आपल्याकडे ज्याचा दाखला हमखास देतात तो खटला भांड्यांचाच आहे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, निकाल डिसेंबर १९७८ चा. मिर्झापूरच्या कारखान्याने १९५१ साली पेटंट घेतलं होतं. लेथवर भांडं घासून गुळगुळीत करताना ते निसटू नये म्हणून धरून ठेवायच्या युक्तीचं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही कारखान्यातली नेहमीची सुधारणा आहे, शोध नव्हे. जुने भाग जोडून पेटंट मिळतं, पण ते भाग एकमेकांत गुंतून काही नवं किंवा सरस घडवत असतील तर. नुसती गोळाबेरीज चालत नाही. आता सांगा, त्या भांड्याच्या कारखान्यातल्या माणसाला ‘कलेत निपुण’ म्हणायचं?

पेठेतला
भांड्यांचा विषय निघाला म्हणून येतो. कसब म्हणजे कारागिरी, म्हणूनच आमची कसबा पेठ. तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी, सगळे कसबी लोक. यात अश्लील काय आहे?

टंकलेखक
पेठेतले, माफ करा, पण कसबा निराळा. तो अरबी ‘क़सबा’, मोठं गाव, आणि कसब निराळ्या धातूतलं. अरबीत दोघांचा ‘क’सुद्धा एक नाही. कसबे डिग्रज, कसबे सुकेणे इथे काय सगळे तांबट राहतात?

पेठेतला
अरबांनी त्यांचे ‘क’ सांभाळावेत. आमच्या आजोबांनी जे सांगितलं ते सांगितलं. आणि गावाला कसबा म्हणण्याचं कारणच तिथे कसबी लोक असतात हे असेल तर?

टंकलेखक
तर मग पेठेला पेठ म्हणायचं कारण तिथे पेठे राहतात.

शुद्धमती
मूळ प्रश्नाला धरून : ‘तत्तंत्रनिपुण’.

रांगडा_गडी
आई शप्पथ.

मधुमालती
साहेबांशी बोलले. ‘कसबी’ त्यांना आवडला, ‘जाणकार कारागीर’ त्याहून. ‘स्पीकर आतच असलेला पडदा’ तूर्त ठेवलाय, पण त्यांचे वकील म्हणतात ‘आतच’मधला ‘च’ काढा, मूळ वाक्यात ‘च’ नाही.

वकीलबाई
वकील बरोबर बोलले. ‘च’ने क्लेम आवळला जातो. ‘कम्प्राइजिंग’ असेल तिथेही ‘समावेश असलेला’ लिहा, ‘यांचाच बनलेला’ नको. पहिल्यात आणखी भाग असायला मुभा राहते, दुसऱ्यात नाही.

पेठेतला
टंकलेखक, तांबट आळीत एकदा या. तांब्याच्या घंगाळावर ठोके मारून मारून जे चमकते ठिपके उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. हा ‘मठार’ कुठल्या भाषेतला ते सांगा, मग कसब्याचं बघू.

टंकलेखक
संस्कृत ‘मृष्ट’वरून असावा असं म्हणायचा मोह होतोय.

शुद्धमती
‘मठ्ठ’वरून का नाही? ठोके खाऊन मठ्ठ झालेलं तांबं.

रांगडा_गडी
आमच्याकडं पोराला मठारलं म्हणजे चांगलं बदडलं. त्योच मूळ अर्थ.