मदत हवी आहे: शवविच्छेदनातील निष्कर्ष नवजात बाळाच्या मृत्यूच्या दाखल्यात कोठे लिहावा?

रात्रपाळी: जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यावर बेतलेला, जन्माच्या आगेमागे होणाऱ्या मृत्यूंचा दाखला भरताना मी ‘अ’ रकान्यात (बाळाचा मुख्य विकार) ‘श्वासावरोध’ लिहिले होते. आता शवविच्छेदनाचा अहवाल आला असून त्यात श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांमधील स्नायूच्या पडद्याचा) जन्मजात हर्निया आणि खुरटलेली फुप्फुसे आढळली आहेत. हे कोठे लिहायचे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

नोंदवही: बाळ जिवंत जन्मले की मृतजन्म होता? किती आठवड्यांचे होते? शवविच्छेदनाविषयीच्या तीन पर्यायांपैकी आपण कोणत्यावर खूण केली होती?

सूक्ष्मदर्शी: जिवंत जन्म ठरवण्यासाठी फुप्फुस पाण्यात तरंगते का ते पाहतात; परंतु कुजण्यातील वायूमुळे किंवा कृत्रिम श्वास दिल्यामुळेही ते तरंगू शकते, म्हणून त्या एका चाचणीवर विसंबू नये.

रात्रपाळी: तो प्रश्नच नाही. ३७ आठवडे पूर्ण होते, हृदयाचे ठोके होते आणि बाळ ४० मिनिटांनी गेले. ‘माहिती नंतर मिळण्याची शक्यता’ यावर खूण केली होती. आईचे गर्भजल जास्त होते, ते लिहायचे राहिले.

नोंदवही: हे आधीच सांगायला हवे होते. श्वासावरोध किंवा हृदय बंद पडणे हे केवळ मरणाचे स्वरूप आहे, आणि बाळाविषयी दुसरे काहीच ठाऊक नसेल तरच ते ‘अ’मध्ये लिहावे, अपुऱ्या दिवसांच्या जन्मालाही हाच नियम आहे. ‘अ’मध्ये एकच विकार येतो, म्हणून तेथे हर्निया आणि ‘ब’मध्ये, म्हणजे बाळाच्या इतर विकारांच्या रकान्यात, फुप्फुसे.

सूक्ष्मदर्शी: मी असहमत आहे. ज्याचा वाटा सर्वांत मोठा तो विकार ‘अ’मध्ये लिहायचा असतो, आणि बाळ गेले ते फुप्फुसांमुळे.

नोंदवही: फुप्फुसे खुरटली ती आतडी छातीत शिरल्यामुळे. गर्भजल फार कमी पडले तरीही ती खुरटतात. तेव्हा नुसते ‘खुरटलेली फुप्फुसे’ लिहिले, तर श्वासपटलाच्या जन्मजात हर्नियांच्या गणनेतून हे बाळ निसटेल.

प्रसूतिकक्ष: वार (गर्भाला पोसणारा, प्रसूतीनंतर बाहेर पडणारा अवयव) सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती का? हे मी प्रत्येक वेळी विचारते, कारण मृतजन्मात तर पुष्कळदा उत्तर वारेतच सापडते. गर्भजलाची नोंद आईच्या विकारांसाठीच्या ‘क’ रकान्यात करावी.

नोंदवही: येथे जास्त गर्भजल हा हर्नियाचाच परिणाम असावा, आईचा विकार म्हणून ‘क’मध्ये लिहिणे मला पटत नाही.

प्रसूतिकक्ष: रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला आईच्या बाजूचाच संकेतांक आहे, कारण कोणते, हा वेगळा प्रश्न.

रात्रपाळी: वार ठेवलेली नव्हती. जुन्या कागदावर खाडाखोड करावी का?

नोंदवही: मुळीच नाही. सुधारित कारण अहवालाच्या तारखेसह नोंदणी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. आपण खूण केलेला पर्याय त्यासाठीच आहे.

रात्रपाळी: आभारी आहे. हर्निया ‘अ’मध्ये आणि फुप्फुसे ‘ब’मध्ये असे पत्र आजच पाठवतो, गर्भजलाविषयी आमच्या वरिष्ठांना विचारतो.