पीसीबी ३०० पैकी १४१, कॅटेगरी ओपन. एमबीबीएसचं काय करायचं?

घोडबंदर_बाबा:
मुलगी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला, स्टेट बोर्ड. या फेब्रुवारीत बारावी पास, पण फिजिक्स ४२, केमिस्ट्री ४५, बायो ५४. नीटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) १९०. तिला रिपीट करायचंय. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटक) दाखला निघतो, तर बारावीच्या पीसीबीला ४० टक्के चालतील असं क्लासवाले सांगतात. खरंय का?

पामबीच_पीसीबी:
नाही. ४० टक्क्यांची सवलत (३०० पैकी १२०) एससी, एसटी, ओबीसी वगैरे आरक्षित प्रवर्गांना आहे. ईडब्ल्यूएसला जागांचं आरक्षण आहे, टक्क्यांची सूट नाही. म्हणजे ओपनसारखे ५० टक्के, ३०० पैकी १५० हवेतच. १४९ झाले तरी ४९.६७ टक्के, आणि गणित त्यात धरत नाहीत. सीईटी सेलची (राज्यातले प्रवेश हेच करतात) माहितीपुस्तिका आली की पात्रतेचं पान आधी वाचा.

पण हे १५० फक्त दार आहे. मेरिट पूर्ण नीटवर लागतं. नीटला गुण सारखे पडले तर आधी बायो, मग केमिस्ट्री, मग फिजिक्सचे नीटमधलेच गुण बघतात, बारावीचे नाहीत. तेव्हा ९ गुण मिळवा आणि तो विषय बंद करा. ९० टक्क्यांच्या मागे लागून वर्ष घालवू नका.

वाशी_सेक्टर१६:
त्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना, म्हणजे पास झाल्यावर गुण वाढवायला पुन्हा परीक्षा. लगतच्या तीनच संधी मिळतात: येती जून-जुलै, पुढची फेब्रुवारी-मार्च, त्यानंतरची जून-जुलै. अडचण अशी की नुसते तीन विषय देता येत नाहीत, इंग्रजीसकट सगळे द्यावे लागतात. तरी मी जून-जुलैच घ्या म्हणेन. फेब्रुवारी-मार्चला बसलं तर मे महिन्यातल्या नीटच्या तोंडावरचे दोन महिने बोर्डात जातात.

गुण कुठे मिळतील तेही बघा. तिन्ही विषयांचा लेखी पेपर ७० चा: बहुपर्यायी १०, एका वाक्याचे ८, मग २ गुणांचे आठ, ३ गुणांचे आठ, ४ गुणांचे तीन प्रश्न. २ आणि ३ गुणांच्या प्रश्नांतच ४० गुण आहेत. नीटची मुलं नेमकी इथेच मार खातात. उत्तर डोक्यात असतं, पण गोल काळा करायची सवय. आकृतीला नावं नाहीत, सूत्रानंतर एकक नाही, व्याख्या अर्धी. रोज दोन तास हाताने लिहायला लावा.

पुनर्मूल्यांकनाचा विचार असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती मिळाल्यापासून ५ कामकाजाच्या दिवसांत अर्ज. ९ गुण त्यातून निघतील यावर भिस्त ठेवू नका.

नेरुळ_राउंड२:
१९० वर थोडं. २०२५ ला ओपनचा पात्रता कटऑफ १४४ होता. पात्र झालं म्हणजे कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज मिळालं असं नव्हे! सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांचा कटऑफ याच्या कितीतरी वर असतो. नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम अभिमत (डीम्ड विद्यापीठाची) आहेत, त्यांचे प्रवेश सीईटी सेलकडे नाहीत, दिल्लीच्या एमसीसीकडे (केंद्राची मेडिकल प्रवेश समिती). तिथे नोंदणीलाच ५,००० आणि अनामत २ लाख. चुकीच्या फेरीत जागा सोडली तर अनामत जाते, म्हणून फॉर्म भरायच्या आधी फेरीचे नियम वाचा. अभिमतलाही ५० टक्क्यांची अट सुटत नाही. परदेशी पाठवणारे एजंट '१४१ चालतील' म्हणतील, त्यांच्या नादी लागू नका.

दरम्यान बीएस्सीला नाव घालणार असाल तर एक लक्षात ठेवा: मूळ शाळा सोडल्याचा दाखला त्या कॉलेजात अडकतो, आणि एमबीबीएसच्या प्रवेशाला तोच लागतो. बीएस्सीचा सीजीपीए कितीही पडला तरी नीटच्या मेरिटला फरक नाही.

घोडबंदर_बाबा:
ईडब्ल्यूएसचा घोळ निस्तरला, आभार. श्रेणीसुधारचा फॉर्म भरायला वाशीच्या बोर्डात जायचं का?

वाशी_सेक्टर१६:
नको. अर्ज ऑनलाइन, पण ज्युनिअर कॉलेजमार्फतच जातो. तिथल्या ऑफिसात गुणपत्रिका घेऊन जा आणि प्रॅक्टिकल पुन्हा द्यायचं का तेही त्याच वेळी विचारून घ्या. नियमित शुल्काची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते, पुढे विलंब शुल्क. सोमवारीच जा.