मदत हवी आहे: धुक्यातलं सल्फेट नेमकं कुठलं?

नमस्कार मंडळी. प्रकल्पासाठी डिसेंबरपासून अमृतसरला आहे. पहाटे ताणलेल्या नायलॉनच्या दोऱ्यांवरून धुक्याचं पाणी बाटलीत गोळा करते. कोऱ्या चहासारखं मळकट येतं. लाहोर इथून जेमतेम 50 किलोमीटर. सल्फर डायऑक्साइड थेंबात विरघळून सल्फेट होतो आणि शेतातला, गोठ्यातला अमोनिया त्याची आम्लता मारतो, इथवर कळलं. पण त्यातलं सीमेपलीकडचं किती आणि इथल्या वीटभट्ट्यांचं किती, हे कसं ओळखू? हायस्प्लिट या संगणकीय मॉडेलवर हवा कुठून आली तो मार्ग काढला, पण दाट धुक्यात वारा पडलेलाच असतो, त्या रेषांवर भरवसा वाटत नाही. गंधकाच्या समस्थानिकांचा (त्याच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा) उपयोग होईल का? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या दिल्लीतल्या धुके-प्रयोगात कुणी होतं का? नमुन्यातलं अमोनियम टिकत नाही, म्हणून जरा घाई आहे.