चिऱ्याच्या घरातल्या कोपऱ्यासाठी कर्ण्याचे स्पीकर: माप काय धरू?

माडाची_सावली (केरी, फोंडा)
नमस्कार. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. बाबांच्या मागे साठेक तबकड्या उरल्या आहेत, त्यांत चार मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, गायिका केसरबाई केरकरांच्या. बाई आमच्या केरीच्याच, त्यामुळे त्या चार तबकड्यांना घरात देवघरातल्या वस्तूंचा मान आहे. पण विकतच्या स्पीकरवर तो आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्यातली छाती हरवते. म्हणून कर्ण्याचे (हॉर्न) स्पीकर स्वतः करायचं ठरवलंय. ८ वॉटचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे, १२ इंची दोन ड्रायव्हर (पेटीशिवायचे नुसते स्पीकर) आहेत, हॉल १४ बाय १८ फूट. सुतार हाताचा चोख, पण त्याला आकडे हवेत. सगळ्यात खालचा स्वर ३० हर्ट्झ धरून गणित केलं तर कर्ण्याचं तोंड साडेतीन मीटरांहून रुंद येतं! कुठे चुकतोय? माळ्यावर फणसाच्या फळ्या वाळून तयार आहेत, त्या चालतील का?

रंधा (साखळी)
दादा, गणित बरोबर आहे, पण ते मोकळ्या मैदानातल्या कर्ण्याचं. कोपऱ्यात ठेवलात की दोन भिंती आणि जमीन मिळून उरलेला कर्णा होतो, तोंडाचा आठवा हिस्साच बांधायचा. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यातला कर्णा केला तो याच हिशेबाने. आणि ३० हर्ट्झचा हट्ट सोडा. तुमच्या तबकड्यांत गळा, तंबोरे, सारंगी, डग्गा; ६० धरलंत तरी काही हरवणार नाही.

६० हर्ट्झला तोंड ३३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ६० बाय ५५. कर्ण्याचा गळा, म्हणजे ड्रायव्हरकडचं अरुंद टोक, २६५ चौरस सेंटिमीटर, तुमच्या ड्रायव्हरच्या पडद्याच्या (कोनच्या) साधारण निम्मा. लांबी ११५ सेंमी, ती घडी घालून पेटीत बसवायची. सुताराला सूत्र सांगू नका, एवढंच सांगा की दर ३२ सेंमीला आतलं क्षेत्रफळ दुप्पट व्हायला हवं: २६५, ५३०, १०६०, २१२०. वळणावर स्वतः टेप लावा. माझ्या पहिल्या कर्ण्यात वळणावरची फळी आत सरकून बसली होती आणि मी न मोजता पेटी बंद केली. अख्खा पावसाळा डग्गा बोदा ऐकला. शेवटी पेटी उघडली, फळी मागे घेतली, तेव्हा बोल सुटे झाले.

ड्रायव्हरची मागची पेटी हवाबंद हवी. कोपऱ्यापासून दोन्हीकडे चार-पाच फूट भिंत सलग हवी. ८ वॉटची काळजी नको, कर्ण्याला घरात एक वॉटही लागत नाही.

ओलसर_भिंत (डिचोली)
फणसाचा रंग मलाही आवडतो, पण रुंद फळी आषाढात फुगते आणि मार्चला आखडते. एक सांधा सुटला तर हवा तिथून निसटते. पेटीला १८ मिमीचा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० हे मरीन प्लायचं मानक छापलेला, आणि कापलेल्या कडा सील करा. फणस तोंडाच्या चौकटीला लावा, शोभेलही. खाली दगडाचे चार पाय द्या. जमिनीला टेकलेल्या लाकडाला वाळवी लागते, माझं एक कपाट तसंच गेलं.

तारसप्तक (मडगाव)
घडीचा कर्णा ४०० हर्ट्झच्या वर नेऊ नका, वळणांत आवाज गढूळ होतो. त्यावरच्या स्वरांना वेगळा ८ इंची ड्रायव्हर आणि ४४ सेंमी तोंडाचा गोल कर्णा लावा. ४०० म्हणजे ऐन गायिकेच्या आवाजात दोन कर्ण्यांचा सांधा, म्हणून दोन्ही आवाज एकाच वेळी कानावर येणं सगळ्यात महत्त्वाचं. खालचा आवाज ११५ सेंमी चालून येतो, वरचा जेमतेम ४०. वरचा कर्णा पेटीवर ठेवून शक्य तितका कोपऱ्यात मागे ढकला, फरक ७५ सेंमीचा आहे.

माडाची_सावली
तिघांचेही मनापासून आभार. चवथीच्या मखराचा जुना प्लाय होता, त्याचीच एका बाजूची कच्ची पेटी जोडली. वरचा कर्णा आधी पुढच्या कडेला ठेवला तर खालचे स्वर एकीकडून, वरचे दुसरीकडून. वीतभर मागे, अजून वीतभर, आणि भिंतीला टेकायच्या जरा आधी आवाज एक झाला. तान घेण्यापूर्वीचा श्वास ऐकू आला. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यावरच बसून राहिली.

सोमवारी प्लाय आणायला म्हापशाला जातोय. एकच शंका उरली: उजव्या कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर खिडकी आहे. झडपं लावून घेतली तर भिंत धरता येईल?

रंधा
जुनी जाड सागवानी असतील तर येईल. कडी मात्र कपडा गुंडाळून घट्ट बसवा, खडखडली तर डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्यात ऐकू येईल.